बियांपासून उन्हाळी हंगामी फुलं: पेरणीपासून पुढच्या वर्षीच्या बियाण्यापर्यंत

शेतकऱ्यांच्या बोलण्यातला एक शब्द कुंड्यांच्या बागेत फारसा ऐकू येत नाही: वाफसा. मातीत ओल आहे पण चिखल नाही. मूठ आवळली की ढेकूळ बनतं आणि बोटाने टिचकी मारली की ते विस्कटतं. अशा मातीत कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि कणांमधल्या पोकळीत हवा असते. रुजणाऱ्या बियाला ही दोन्ही एकाच वेळी लागतात. "बिया उगवल्याच नाहीत", "उगवल्या पण कोलमडल्या", "रोपं पिवळी पडली" अशा तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा वाफसाच बिघडलेला असतो, आणि तो कोरडेपणाने कमी, जास्तीच्या पाण्याने अधिक बिघडतो.

हंगामी फुलझाड एकाच हंगामात उगवतं, फुलतं, बी धरतं आणि मरतं. बी धरणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. ते झालं की झाडाचं फुलणं मंदावतं. एवढं लक्षात असलं की पुढे शेंडा का खुडायचा, सुकलेली फुलं का काढायची आणि खताला हात आखडता का घ्यायचा, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

कोणती फुलं निवडावीत

पहिल्यांदाच पेरत असाल तर झिनियापासून सुरुवात करा. मूळ मेक्सिकोकडचं हे फूल 18व्या शतकातले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योहान गॉटफ्रीड त्सिन यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याचं बी बाणाच्या पात्यासारखं चपटं असतं, बोटांत नीट धरता येतं, उबदार मातीत 4 ते 7 दिवसांत उगवतं आणि पेरणीपासून साधारण 8 ते 10 आठवड्यांत फूल देतं. इतक्या लवकर यश दाखवणारं फूल नवख्या माणसाचा हुरूप टिकवतं.

झिनियाच्या जोडीला कॉसमॉस, झेंडू आणि सूर्यफूल घ्या. ही तिन्हीही उन्हाची आणि सोशिक आहेत. जागा अगदी तापट, माती उथळ आणि पाणी घालायला रोज वेळ नाही, असं असेल तर चिनी गुलाब. त्याच्या मांसल पानांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे एखाद्या दिवसाचा खाडा तो सहज सोसतो. अर्धी सावली असेल तर तेरडा. कोंबडा आणि गोम्फ्रेना यांची फुलं वाळल्यावरही रंग टिकवतात, त्यामुळे ती माझ्या विशेष आवडीची आहेत. फक्त गोम्फ्रेनाला उगवायला 2 आठवडे लागू शकतात, तेवढा धीर ठेवायला हवा.

पिटुनिया मात्र दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 बिया बसतात, म्हणजे ती धूळच. उगवलेलं रोपही पहिले काही आठवडे टाचणीच्या डोक्याएवढंच असतं. हात बसल्यावर ते जमतं.

जागेचा विचार बिया घेण्याआधी करा. यातल्या बहुतेकांना दिवसाला किमान 6 तास थेट ऊन लागतं. तुमच्या जागेत ऊन कधी येतं आणि कधी जातं, ते एक दिवस दर तासाला बघून लिहून ठेवा. आपल्या अंदाजात आणि खऱ्या उन्हात बराच फरक निघतो.

थेट जमिनीत की ट्रेमध्ये

सूर्यफूल, नॅस्टर्शियम आणि मॉर्निंग ग्लोरी यांना मुळं हलवलेली आवडत नाहीत. सूर्यफूल तर उगवल्याबरोबर सोटमूळ खोल सोडतं. या तिघांना जिथे फुलायचं तिथेच पेरा. कॉसमॉस आणि झिनियाही थेट पेरलेली जास्त दणकट होतात, पण ट्रेमधून 3 आठवड्यांच्या आत हलवली तर तीही कुरकुरत नाहीत. झेंडू कसाही चालतो. बारीक बियांची फुलं, म्हणजे पिटुनिया, चिनी गुलाब, कोंबडा, ट्रेमध्ये करावीत; मोकळ्या वाफ्यात ती झारीच्या पहिल्याच धारेबरोबर वाहून जातात किंवा तणात हरवतात.

वेळ ठरवताना मातीला विचारा

कॅलेंडरवरच्या तारखेपेक्षा मातीचं तापमान खरं. सकाळी साधा थर्मामीटर मातीत 5 सेंटिमीटर खोल खुपसून बघा. सलग 3–4 दिवस 18 अंश सेल्सिअसच्या वर आकडा दिसला की झिनिया, झेंडू, कॉसमॉस, सूर्यफूल पेरायला हरकत नाही. चिनी गुलाब, कोंबडा आणि गोम्फ्रेना यांना 21 ते 27 अंशांची ऊब हवी. थंड, ओल्या मातीत बी पाणी पिऊन फुगतं पण पुढे सरकत नाही, आणि तोवर बुरशी त्याचा ताबा घेते.

जिथे हिवाळ्यात दंव पडतं, तिथे शेवटचं दंव संपण्याच्या 4 ते 6 आठवडे आधी घरात ट्रे भरावेत. पिटुनियाला 10 ते 12 आठवडे द्यावेत. झिनियाच्या बाबतीत मात्र घाई नुकसान करते. 8 आठवडे ट्रेमध्ये अडकलेलं, मुळं गोल गोल फिरलेलं झिनियाचं रोप आणि नुकतं 3 आठवड्यांचं छोटं रोप एकाच दिवशी लावलं, तर महिनाभरात छोटं पुढे गेलेलं मी दर वेळी पाहिलं आहे.

जिथे उन्हाळा कडक आहे, तिथली अडचण उलटी. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती दुपारी 40 अंशांच्या वर जाऊ शकते. तिथे ऊन तापायच्या आधी पेरणी उरकावी, संध्याकाळी पेरावं आणि कोंब दिसेपर्यंत कुंडी विरळ सावलीत ठेवावी.

बियाणं तपासणं

पाकिटावर दोन गोष्टी बघा: पॅकिंगची तारीख आणि "एफ-1" ही खूण. एफ-1 म्हणजे दोन ठरावीक वाणांचा संकर. फुलं एकसारखी आणि भरगच्च येतात, पण त्यांचं बी धरून पुढच्या वर्षी तेच फूल मिळत नाही. बी स्वतः धरायचं असेल तर मुक्त परागीभवनाचं, म्हणजे सरळ वाणाचं बियाणं घ्या.

जुनं पाकीट हाती असेल तर फेकण्याआधी उगवणक्षमता तपासा. 10 बिया ओल्या टिशू पेपरवर पसरा, कागदाची घडी घाला, झाकणाच्या डब्यात ठेवून डबा उबदार जागी ठेवा. कागद ओला असावा, त्यातून पाणी निथळू नये. पुन्हा वाफसाच. झिनिया, झेंडूचा निकाल आठवड्यात कळतो. 7 किंवा अधिक रुजल्या तर बियाणं उत्तम. 4–5 रुजल्या तर दुप्पट पेरा. 2–3च रुजल्या तर नवं बियाणं आणा.

भिजवायचं कोणाला, हेही ठरलेलं आहे. मॉर्निंग ग्लोरीचं कवच टणक असतं. एका बाजूने पॉलिश पेपरवर हलकं घासून 12 तास कोमट पाण्यात ठेवलं की ते फुगतं. जे फुगलं नाही ते पुन्हा घासा. हे बी पोटात गेलं तर विषारी असतं, त्यामुळे लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्यापासून ते लांब ठेवा. नॅस्टर्शियमही रात्रभर भिजवलेलं लवकर उगवतं. झिनिया, कॉसमॉस, झेंडू भिजवू नका. त्यांचं पातळ कवच पाणी लगेच शोषतं. तासन्तास पाण्यात ठेवलं तर बियाला हवा मिळत नाही.

ट्रेमधलं मिश्रण

बागेतली माती ट्रेमध्ये भरू नका. वाफ्यात जी माती छान असते तीच 4–5 सेंटिमीटर खोल खणात घट्ट बसते, निचरा थांबतो आणि तिच्यातली बुरशी कोवळ्या रोपांना गाठते. माझं मिश्रण असं: 2 भाग कोकोपीट, 1 भाग चाळलेलं गांडूळखत, 1 भाग पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू. चिनी गुलाब आणि पिटुनियासाठी गांडूळखत निम्मं करते.

कोकोपीट वापरण्याआधी धुवायलाच हवं. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. भरपूर पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी ओतून द्यायचं, असं 2–3 वेळा करायचं. सुरुवातीच्या एका वर्षी मी हे केलं नाही आणि झेंडूची बीजदलं, म्हणजे बियातून निघणारी पहिली दोन पानं, उघडताच कडेने तपकिरी झाली. मला तो रोग वाटला, औषधं शोधण्यात आठवडा गेला, आणि सगळा ट्रे गेला. कारण फक्त क्षार होतं.

जुने ट्रे वापरणार असाल तर माती खरवडून काढा, 1 भाग घरगुती ब्लीच आणि 9 भाग पाणी यांत 10 मिनिटं बुडवा, धुऊन उन्हात वाळवा.

मिश्रण भरण्याआधी ओलं करा. कोरडं कोकोपीट ट्रेमध्ये भरून वरून पाणी घातलं की वर चिखल आणि आत कोरडं, असं होतं. मुठीत घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब येईल एवढी ओल हवी. धार लागली तर पसरवून थोडं वाळू द्या. खण भरा, ट्रे दोन-तीनदा हलकेच आपटा, आणि दाबू नका. दाबलं की ज्या पोकळीत हवा राहायची तीच नाहीशी होते.

पेरणी

बी त्याच्या जाडीच्या 2 ते 3 पट खोल जावं, हा जुना नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. आकड्यांत सांगायचं तर:

सूर्यफूल: 2 ते 2.5 सेंटिमीटर.
नॅस्टर्शियम: 1.5 ते 2 सेंटिमीटर, त्याला उगवायला अंधार हवा.
झिनिया, कॉसमॉस, झेंडू: अर्धा ते एक सेंटिमीटर.
तेरडा, कोंबडा: दिसेनासं होईल एवढाच मातीचा थर.
चिनी गुलाब, पिटुनिया: मातीवर ठेवून हलकं दाबायचं, झाकायचं नाही.

शेवटच्या ओळीमागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. धुळीएवढ्या बियात साठा इतका थोडा असतो की खोलवरून वर येईपर्यंत तो संपून जाईल. त्यामुळे अशा बियांनी प्रकाश ओळखायची सोय करून ठेवली आहे. त्यांच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. त्यावर लाल प्रकाश पडला की "आपण पृष्ठभागाजवळ आहोत" असा इशारा मिळतो आणि मगच बी जागं होतं. सवयीने वर मातीची चिमूट टाकली की आपणच तो इशारा अडवतो.

बारीक बी सारखं पसरायचं तर कोरड्या बारीक वाळूत मिसळा: चिमूटभर बियाला दोन चमचे वाळू. जाड कागदाची मधोमध घडी घाला, त्या पन्हाळीत वाळू ओता आणि बोटाने टिचक्या मारत ट्रेवरून फिरवा. फिकट वाळू गडद मातीवर दिसते, त्यामुळे कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते कळतं. मोठ्या बिया खणात दोन-दोन टाका.

पाणी खालून द्या. पसरट भांड्यात दीड-दोन सेंटिमीटर पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवा. वरची माती गडद झाली की, साधारण 15–20 मिनिटांत, बाहेर काढून निथळू द्या. तसाच पाण्यात विसरू नका. मग वर पारदर्शक झाकण किंवा प्लास्टिक, आणि ट्रे उबदार, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी. झाकलेला ट्रे उन्हात ठेवला तर आतलं तापमान काही मिनिटांत एवढं चढतं की बिया अक्षरशः शिजतात. रोज एकदा झाकण उचलून हवा खेळू द्या.

लगेच पाटी लावा: फुलाचं नाव, वाण, तारीख. पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई उन्हात उडते, पेन्सिलीचं अक्षर हंगामभर टिकतं.

आता सगळ्यात नाजूक टप्पा. कोरडं बी आधी पाणी शोषून फुगतं, आत विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि कवच फोडून पहिलं मूळ बाहेर येतं. मूळ बाहेर पडायच्या आधी थोडं सुकणं बऱ्याच बियांना सोसतं. मूळ बाहेर आल्यावर मात्र एका दुपारचा कोरडेपणाही त्याला मारायला पुरतो. वरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून पेरणीनंतर काहीच घडत नाहीये असं वाटणारे दिवसच रोज डोकावण्याचे असतात.

उगवल्यानंतरचे तीन आठवडे

पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी झाकण काढा आणि ट्रे भरपूर उजेडात न्या. उद्या नको. अंधुक जागी एका दिवसात रोप सुतासारखं लांब, फिकट होतं, आणि तशी ताणलेली दांडी नंतर कधी जाड होत नाही. खिडकीचा उजेड पुरत नसेल तर एलईडी दिवा रोपांच्या 10–15 सेंटिमीटर वर टांगा, दिवसाला 14 ते 16 तास. रोपं वाढतील तसा दिवाही वर. दिवसातून एक-दोनदा रोपांवरून तळहात हलकेच फिरवला, किंवा मंद पंखा लावला, तर दांड्या आखूड आणि मजबूत होतात. वाऱ्याच्या स्पर्शाला झाडं असाच प्रतिसाद देतात.

याच काळात रोपं कोलमडतात. मातीलगत दांडी पाणचट होते, दोऱ्यासारखी बारीक होते आणि काल ताठ असलेलं रोप आज आडवं. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरश्यांचं हे काम. पडलेलं रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून टाका, बाकीचा ट्रे हवेशीर जागी न्या आणि वरचा थर सुकेपर्यंत पाणी थांबवा. दाट उगवलं असेल तर विरळणी करा, आणि उपटून नव्हे, छोट्या कात्रीने मातीलगत कापून. उपटताना शेजारच्याची मुळंही ओढली जातात. चांगलं रोप कापताना जीव तुटतो, मला आजही तुटतो. पण एका खणातली दोन रोपं शेवटी दोन्ही किरकोळ राहतात.

पाणी ठरावीक वेळी न देता बघून द्यावं, याचं मला फार आवडणारं उदाहरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातलं आहे. 2015च्या अखेरीस तिथे झिनिया वाढवत होते. वजनरहित अवस्थेत पाण्याचा निचरा होत नाही, ते मुळांभोवतीच चिकटून राहतं. पानांवर पाण्याचे थेंब येऊ लागले, पुढे बुरशी धरली, काही झाडं गेली. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी आग्रह धरला की जमिनीवरून आलेल्या वेळापत्रकाने नव्हे, तर झाडांकडे बघून पाणी कधी द्यायचं ते मला ठरवू द्या. पंख्याने हवा खेळती केली, पाणी देणं स्वतःच्या हातात घेतलं, आणि 16 जानेवारी 2016 रोजी त्यांनी फुललेल्या केशरी झिनियाचं छायाचित्र जगाला दाखवलं. आपल्या ट्रेला तर खाली भोकं आहेत आणि गुरुत्वाकर्षणही आहे. आपल्याला हे त्यांच्याहून सोपं आहे.

बघून म्हणजे कसं? ट्रे उचलून. पाणी देऊन निथळलेला ट्रे किती जड लागतो ते हाताला एकदा कळू द्या. तो स्पष्ट हलका झाला आणि वरची माती फिकट दिसू लागली की पाणी. तोवर नाही.

पहिली दोन पानं ही बीजदलं, ती सगळ्यांची साधारण सारखीच दिसतात. त्यानंतर येतात ती खरी पानं. खऱ्या पानांची पहिली जोडी पूर्ण उघडली की आठवड्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम. त्याआधी खत नको.

उन्हाची सवय आणि पुनर्लागवड

घरातल्या रोपाला एकदम उन्हात नेलं तर पानांवर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. 7 ते 10 दिवस घ्या. पहिल्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं वाढवत न्या.

खऱ्या पानांच्या 2–3 जोड्या आल्या आणि मुळांनी मातीचा गड्डा धरून ठेवला की लावणी करा, संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. अर्धा तास आधी ट्रेला पाणी द्या. रोप उचलताना पानाला धरा, दांडीला नको. पान तुटलं तर दुसरं येतं, दांडी चिरडली तर रोप जातं. ट्रेमध्ये होतं त्याच पातळीला लावा. झेंडू थोडा खोल गेला तरी चालतो, त्याच्या दांडीला मुळं फुटतात.

उंच झिनियात 25–30 सेंटिमीटर अंतर, कॉसमॉस आणि मोठ्या झेंडूत 30–40, बुटक्या झेंडूत 20, चिनी गुलाबात 15–20, उंच सूर्यफुलात 45. लावताना हे अंतर फार ओसाड वाटतं. दीड महिन्यात ते भरून जातं. दाट लावलेल्या झिनियावर भुरी, म्हणजे पानांवरची पिठासारखी पांढरी बुरशी, हमखास येते.

मातीत चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पुरे. कॉसमॉसला तेवढंही नको. नत्र जास्त झालं की तो माणसाएवढा वाढतो, जाळीदार पानांचा डोंगर उभा करतो आणि फुलायला उशीर लावतो. नॅस्टर्शियमचंही तसंच.

सूर्यफूल कुठे लावायचं ते आधी ठरवा, कारण त्याचं तोंड कुठे असणार ते ठरलेलं आहे. कळीच्या वयात ते दिवसभर सूर्याकडे वळतं. दांडीच्या दोन बाजू दिवसा आणि रात्री कमी-जास्त वाढतात, त्यातून ही हालचाल होते. दांडीची वाढ थांबली की वळणं थांबतं आणि उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून राहतं. सकाळच्या उन्हात ते लवकर तापतं आणि त्याच्याकडे मधमाश्या जास्त येतात. म्हणून ओळ अशी आखा की तुम्ही फुलांच्या पूर्वेला उभे राहाल, नाहीतर हंगामभर त्यांची पाठ बघावी लागेल.

शेंडा खुडणं

झिनिया, कॉसमॉस आणि झेंडू 20–25 सेंटिमीटर उंच झाले, पानांच्या 3–4 जोड्या दिसल्या की मधला शेंडा पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. शेंड्यातून ऑक्झिन हे संप्रेरक खाली वाहतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, एका दांडीच्या जागी चार होतात. पहिलं फूल आठवडा-दोन आठवडे लांबतं, पण पुढे फुलांची संख्या कितीतरी वाढते. एकच मोठं फूल देणाऱ्या सूर्यफुलाचा शेंडा मात्र खुडू नका, तिथेच त्याचं एकमेव फूल असतं. मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्याचंही तसंच.

भर हंगामात

वाफ्यातही वाफसाच बघायचा, फक्त आता बोट 5 सेंटिमीटर खोल घालून. तिथे कोरडं लागलं तर सकाळी, बुंध्याशी, सावकाश आणि भरपूर पाणी. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात आणि पहिल्या तापट दिवशी झाडं माना टाकतात. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप सावरलं तर त्याला पाणी नको होतं. सकाळीही मान खाली असेल तर माती बघा: कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर मुळं कुजत आहेत, तिथे पाणी थांबवा. सुक्या पाल्याचं 3–5 सेंटिमीटर आच्छादन घाला, पण दांडीला चिकटू देऊ नका.

मावा दिसला तर पाण्याची जोरदार फवारणी बहुधा पुरते. कोरड्या, धुळीच्या दिवसांत पानांवर बारीक ठिपके आणि खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानांची खालची बाजू धुवा. भुरीची पानं लगेच काढा आणि झाडात हवा खेळेल एवढ्या फांद्या कमी करा. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना (मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींना) मारक असतात हे खरं आहे, पण त्यासाठी तो वाफा हंगामभर दाट झेंडूने भरलेला असावा लागतो. कोपऱ्यातल्या एका झाडाने तो परिणाम होत नाही.

फूल सुकायला लागलं की काढा. नुसतं बोंड तोडू नका, खालच्या पानांच्या जोडीपर्यंत दांडी कापा, तिथूनच पुढची फांदी येते. झेंडूत पाकळ्यांखालचा फुगीर हिरवा भाग राहिला तर आत बी तयार होतच राहतं. चिनी गुलाबाला या मेहनतीची गरज नाही. फुलदाणीसाठी झिनिया पहाटे कापा, आणि आधी फुलाखाली 20 सेंटिमीटरवर दांडी धरून हलवा: मान लवचीक डुलली तर अजून कच्चं आहे, दांडी ताठ राहिली तर कापायला तयार.

झिनिया आणि सूर्यफुलाचा दुसरा हप्ता पहिल्यानंतर 3 आठवड्यांनी पेरा. पहिली झाडं थकतात तेव्हा दुसरी ऐन भरात येतात.

बी धरणं

हंगामाच्या शेवटच्या महिन्यात सरळ वाणाच्या सर्वांत निरोगी झाडांना दोरा बांधा आणि त्यांची फुलं काढणं थांबवा. झिनियाचं बोंड दांडीसकट तपकिरी, खडखडीत वाळू द्या. कडेची बी पाकळीच्या देठाशी चिकटलेली मिळते, मधली चपटी बी बोंडात. मधमाश्या वेगवेगळ्या रंगांचे पराग एकत्र करतात, त्यामुळे पुढच्या वर्षी नवेच रंग निघतील. मला ती उत्सुकता हवीशी वाटते. तेरड्याचं फळ हात लागताच फुटून बी उधळतं, म्हणून फुगलेल्या फळाला कागदी पिशवीत घेऊन मगच दाबा. चिनी गुलाबाच्या बोंडाला टोपी असते. ती निघाली की आत पोलादी चमकीची बारीक बी दिसते. ते बोंड त्याच दिवशी उचला, वारा ते रिकामं करतो.

बी सावलीत 1–2 आठवडे वाळवा, कागदी पाकिटात भरा, पाकिटं घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. बियांमधली ओल 1 टक्क्याने कमी केली तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान सुमारे 5 अंशांनी उतरवलं तरी साधारण तेवढंच, असा बियाणं साठवणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. म्हणजे फ्रीज उत्तम. पण पेरणीच्या दिवशी बरणी फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडू नका. गार बियांवर हवेतली वाफ जमते आणि वर्षभर कोरडं राखलेलं बी एका क्षणात ओलसर होतं. आदल्या रात्री बरणी बाहेर काढून ठेवा आणि सकाळी ती हाताला गार लागेनाशी झाली की झाकण फिरवा.